रविवारी पोट दुखत नाही, मग सोमवारी का दुखतं?



गटाच्या बैठकीत आपण दशसूत्री वाचतो. पहिली पाच सूत्रं, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे, यातच तासभर जातो. मग आरोग्य, शिक्षण अशी पुढची सूत्रं येतात. शिक्षणापाशी आलं की मी विचारते, "सगळ्यांची मुलं शाळेत जातात ना?" सगळ्या म्हणतात, "जातात की." मी टिक करते आणि पुढं जाते. कामाला लागल्यापासून मी हेच करत आले.

गेल्या पावसाळ्यात एका बैठकीत मात्र ही टिक मला करता आली नाही. काय झालं ते तुम्हाला सांगते. ज्या ताईची ही गोष्ट आहे तिला आणि तिच्या मुलीला विचारूनच लिहिते आहे. गावाचं, शाळेचं, कुणाचंच नाव घेणार नाही.

त्या ताईचे कर्जाचे तीन हप्ते थकले होते. कर्ज पोरीच्या आजारपणासाठी घेतलेलं. पोरगी नववीत. रोज सकाळी शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं, कधी उलटी व्हायची. गावातल्या डॉक्टरला दाखवलं, जंताचं औषध झालं, नजर काढून झाली. शेवटी शहरात नेऊन सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही नाही. घरचे म्हणाले, नाटकं करते. आणि मी? मी रजिस्टरमध्ये थकबाकीचं कारण लिहिलं, "आजारपण". माझ्यासाठी विषय संपला होता.

दाराजवळ बसलेल्या एका मावशीनं विचारलं, "रविवारी दुखतं का गं तिचं?"

ताई थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "नाही. रविवारी तर शेळ्या घेऊन जाते दिवसभर."

समाजकार्याच्या शिक्षणात मी मुलांच्या मानसिक आरोग्यावर पेपर लिहिलेत. पण हा प्रश्न मला सुचला नाही, मावशीला सुचला. त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून या अंकात त्यावर लिहिते आहे.

काय झालं होतं

मी त्या पोरीशी तीनदा बोलायला गेले. पहिल्या दोन वेळा ती फक्त "हो", "नाही" म्हणाली. तिसऱ्यांदा भांडी घासता घासता बोलली.

तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते पाडव्याच्या आसपास परत येतात. ही आजीजवळ राहते. धाकट्या भावाचं, स्वयंपाकाचं, पाण्याचं हिच्याकडंच. आठवीत असताना त्या पाच महिन्यांत तिची शाळा बरीच बुडाली. नववीत गणित डोक्यावरून जायला लागलं. एक दिवस सरांनी फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. तिला येईना. सर म्हणाले, "तुला कशाला पाहिजे शाळा? कोयता घे अन् तोडीला जा." वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला "कोयता" म्हणून हाक मारायला लागली.

पोट त्यानंतर दुखायला लागलं.

तायांनो, हे दुखणं खोटं नव्हतं. भीती वाटली की आपल्याही पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, छाती धडधडते. बँकेत पहिल्यांदा सही करायला गेलो होतो तेव्हाचं आठवा. मोठं माणूस निदान सांगू तरी शकतं, "मला भीती वाटते." लेकराला ते शब्द सापडत नाहीत. मग त्याचं अंग बोलतं.

मानसिक आरोग्य म्हणजे वेड नव्हे

"मानसिक" म्हटलं की आपण लगेच "डोक्यावर परिणाम" असं समजतो आणि विषय झाकून टाकतो. मुलीचं असलं तर आणखीच, कारण पुढं लग्नाचं काय ही काळजी. पण मनाचं आरोग्य म्हणजे साधं आहे: झोप नीट लागते का, भूक लागते का, चार लोकांत मिसळता येतं का, काही बिघडलं तर सावरता येतं का. ताप येतो तसा मनालाही ताण येतो. बहुतेक वेळा वेळेवर आधार मिळाला की उतरतो. दुर्लक्ष केलं तर वाढतो.

आणि हे काही मोजक्या मुलांचं नाही. २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ मुलांचा वर्ग धरला तर त्यात अशी चार मुलं बसलेली असणार. हे झालं आजाराचं. नुसता ताण असलेली मुलं तर कितीतरी जास्त. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या जवळपास ३ लाख ८० हजार मुलांना विचारलं. त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही काळजीची कारणं सांगितली.

एक आकडा लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले. सगळ्या राज्यांत हा आकडा सर्वात मोठा होता. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्येचं दुःख आपण जवळून बघितलंय. त्या घरातली लेकरंही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शाळेच्या बाकावर जाऊन बसतात, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

शिक्षकाची नजर का महत्त्वाची

लेकरू दिवसातले पाच-सहा तास शाळेत असतं. आपण शेतात, मजुरीवर. त्यामुळे ते गप्प झालंय, डबा खात नाही, एकटं बसतं, हे शिक्षकांना आपल्या आधी दिसू शकतं. फक्त दिसल्यावर ते काय समजतात, यावर पुढचं सगळं ठरतं.

फिल्डवर फिरताना शिक्षकांच्या तोंडून मी चार गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या आहेत.

पहिली: "नाटक करतो." अंग दुखतं, चक्कर येते असं मूल म्हणालं की हे उत्तर ठरलेलं. एकदा नाटक ठरलं की मूल पुन्हा सांगत नाही.

दुसरी: "आमच्या वेळी आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?" काहींचं नाही बिघडलं हे खरं. पण त्याच मारामुळं शाळा सोडलेले आज तिथं बोलायला नसतात. आपल्या गटातल्या किती जणी चौथी-पाचवीतून सुटल्या आणि का सुटल्या, हे एकदा एकमेकींना विचारून बघा.

तिसरी: "हा घरचा प्रश्न आहे." बाप दारू पितो, आई तोडीला गेली, त्याला आम्ही काय करणार? शिक्षक घर बदलू शकत नाहीत, हे बरोबर. पण घरी आधार नसलेल्या लेकरासाठी शाळेतलं एक माणूस खूप असतं.

चौथी: हुशार आणि ढ अशी वाटणी. हुशार पुढच्या बाकावर, बाकीचे मागं. एकदा "ढ" हा शिक्का बसला की मूल हात वर करणं सोडून देतं. एनसीईआरटीच्या त्याच पाहणीत साधारण २८ टक्के मुलांनी सांगितलं की प्रश्न विचारायला ते कचरतात.

शिक्षकांची बाजूही ऐकू

हे वाचून "मास्तरच वाईट" असं कुणी समजू नका. शिक्षकांच्या डोक्यावर काय काय आहे तेही बघा. मतदार यादीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब. वाडीवस्तीच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग. हायस्कूलला एका वर्गात साठ मुलं. लेकराचं मन कसं ओळखायचं, रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचं, हे बहुतेकांना कुणी नीट शिकवलेलं नाही.

याबाबत एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. गोव्याच्या "संगाथ" या संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. काही शाळांत मुलांशी बोलण्याचं, भांडणं-छळ कमी करण्याचं काम शिक्षकांवरच सोपवलं. काही शाळांत त्यासाठी वेगळं, प्रशिक्षण दिलेलं माणूस नेमलं. ते माणूस डॉक्टर नव्हतं, शिकलेलं साधं माणूस होतं. काही शाळांत यातलं काहीच नवं केलं नाही. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. जिथं वेगळं माणूस होतं तिथं शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधली दादागिरी कमी झाली, उदासी कमी झाली. जिथं सगळं शिक्षकांवर टाकलं तिथं काहीच न केलेल्या शाळांपेक्षा फारसा फरक दिसला नाही.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, शिक्षकांना नुसतं "तुम्ही बघा" म्हणून चालणार नाही, त्यांना मदत लागते. दोन, ती मदत करायला मोठी डिग्रीच लागते असं नाही, शिकवलं तर साधं माणूसही करू शकतं.

चांगले शिक्षकही आहेत. माझ्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत एक गुरुजी परिपाठाआधी फाटकापाशी उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावानं हाक मारतात. मी त्यांना विचारलं, रोज कशाला? म्हणाले, "हाक मारली की लेकरू वर बघतं. त्याच्या तोंडावरून कळतं, आज घरी काय झालंय ते." याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय.

आणि आपण?

आता थोडं कडू बोलते, राग मानू नका. शिक्षकाला छडीची परवानगी कुणी दिली? आपणच. "गुरुजी, हाणा पण शिकवा," "मास, चामडी तुमची, हाडं आमची," असं शाळेत पोचवताना किती पालक म्हणतात! निकालाच्या दिवशी शेजारणीच्या पोराचे मार्क कोण काढतं? पोरगा रडला तर "बायकांसारखा काय रडतो" कोण म्हणतं? पोरगी गप्प बसली तर "शहाणी झाली" म्हणून कोण खूश होतं?

शिक्षकांची नजर बदलायची तर आपलीही बदलावी लागेल.

कायदा आपल्या बाजूनं आहे

या गोष्टी माहीत असू द्या. भांडायला नव्हे, बोलताना पाय घट्ट रोवायला.

शिक्षण हक्क कायदा, २००९. याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे. "मानसिक त्रास" हा शब्द कायद्यात आहे, म्हणजे टोचून बोलणं, सगळ्यांसमोर अपमान करणं हेही त्यात येतं. हा कायदा ६ ते १४ वयासाठी, आठवीपर्यंत आहे.

शाळा व्यवस्थापन समिती. याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्यातल्या किती जणींचं नाव या समितीत आहे आणि सहीपुरतं आहे की बोलण्यासाठी, हे तपासा.

सखी सावित्री समिती. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे राज्यातल्या शाळांत ही समिती असायला हवी. मुलांना शाळेत सुरक्षित आणि मोकळं वाटावं, हे तिचं काम. अंगणवाडी सेविका, महिला पालक यांना तिच्यात जागा आहे. मुख्याध्यापकांना विचारा, "आपल्या शाळेत ही समिती आहे का? शेवटची बैठक कधी झाली?"

सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश. २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ निर्देश दिले. शाळा, कॉलेज, क्लास, वसतिगृह सगळ्यांना ते लागू आहेत, त्यामुळे नववी-दहावीचं हायस्कूलही यात येतं. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान शाळेनं बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. मदतीचे फोन नंबर दिसतील असे लावायचे. मार्कांवरून मुलांची वेगळी तुकडी करायची नाही आणि चारचौघांत अपमान करायचा नाही.

कागदावरचं शाळेत उतरायला वेळ लागतो, हे आपल्याला योजनांच्या अनुभवावरून माहीत आहे. समुपदेशक उद्या येणार नाही. पण नंबरचा कागद उद्या लागू शकतो. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

आम्ही शाळेत गेलो तेव्हा

पुन्हा त्या पोरीकडे येते. शाळेत जाऊन बोलू म्हटल्यावर तिची आई तयार होईना. "तोंडी परीक्षेचे मार्क त्यांच्याच हातात आहेत, ताई. उद्या डूख धरला तर?" भीती खरी होती. मग ठरलं, एकटीनं जायचं नाही. आई, गटाच्या अध्यक्ष आणि मी अशा तिघी गेलो. शनिवारी शाळा सुटल्यावर, म्हणजे सरांना वेळ असेल आणि मुलं समोर नसतील.

जाण्याआधी अध्यक्ष ताईंनी एक नियम घातला: पहिलं वाक्य तक्रारीचं नको. म्हणून आईनं सुरुवात केली, "सर, माझी पोरगी शाळेला घाबरायला लागलीय. मला तुमची मदत पाहिजे." मग पोटदुखीचं, सोनोग्राफीचं, कर्जाचं सांगितलं. शेवटी कोयत्याचं.

सर आधी चिडले. "आमच्याकडे साठ मुलं आहेत. प्रत्येकाचं मन सांभाळत बसू का?" आम्ही गप्प राहिलो. मग त्यांचाच आवाज खाली आला. म्हणाले, "हे मी सगळ्यांनाच म्हणतो. अभ्यास करावा म्हणून म्हणतो. हिचे आईवडील खरंच तोडीला जातात आणि ही पाच महिने घर सांभाळते, हे मला माहीत नव्हतं."

त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आपणही कधी सांगितलं नव्हतं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. सरांनी वर्गात माफी मागितली नाही. पण तिला फळ्यापाशी उभं करणं थांबवलं आणि पोरांना एकदा दम दिला. शाळेतल्या एक मॅडम मधल्या सुट्टीत तिला अपूर्णांक शिकवायला लागल्या. पोटदुखी कमी झाली, बंद झाली नाही. एखादा पोरगा अजून "कोयता" म्हणतो. पण ती शाळेत जाते. ताईचे हप्तेही पुन्हा सुरू झालेत.

शिक्षकांशी बोलायला जाताना

एकटीनं जाऊ नका, पण दहा जणींचा मोर्चाही नेऊ नका. दोघी-तिघी पुरे. वेळ विचारून जा.

काय दिसतं ते सांगा: "दोन आठवड्यांपासून जेवत नाही, रात्री दचकून उठते." "तुमच्यामुळं झालं" असं सुरुवातीला म्हणू नका.

घरची परिस्थिती सांगायला लाजू नका. तोडीला जाणार असाल, घरात मृत्यू झाला असेल, भांडणं असतील, तर तेवढं कळवा. आणि हे वर्गात बोलू नका, अशी विनंतीही करा.

एकच छोटी मागणी करा. "तिला पुढच्या बाकावर बसवा" किंवा "आठवड्यातून एकदा बाजूला घेऊन विचारा." दहा मागण्या केल्या तर एकही होत नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा जा. फरक पडला असेल तर सरांचे, मॅडमचे आभार माना. आभार फार थोडे लोक मानतात.

मारहाण, घाणेरडं बोलणं, अंगाला हात लावणं असं काही असेल तर मात्र ही समजुतीची वाट नाही. तेव्हा थेट मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, १०९८ किंवा पोलीस.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

एखादा दिवस मूल गप्प राहतं, त्यात काळजीचं काही नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडलेली असेल, आवडीचा खेळ, मैत्रिणी सुटल्या असतील, सारखी चिडचिड असेल, अंगावर कापल्याच्या खुणा असतील, वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसले तर बरं होईल" असं बोलत असेल, तर लगेच पावलं उचला.

अशा वेळी सरळ विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात विचार भरतो, ही चुकीची समजूत आहे. उलट विचारल्यानं लेकराला वाटतं, कुणाला तरी कळलंय. उत्तर "हो" आलं तर रागावू नका, शपथा घालू नका. एकटं सोडू नका. आणि घरातलं फवारणीचं औषध, उंदराचं औषध कुलपात ठेवा. आपल्याकडे हे डबे गोठ्यात, पलंगाखाली उघडे असतात. त्या एका रागाच्या क्षणी हाताशी विष नसणं, यानं जीव वाचतो.

शहरात घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारा.

हे नंबर कापून भिंतीला लावा:

टेली मानस: १४४१६. मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.
चाइल्डलाइन: १०९८. मुलांसाठी, दिवसरात्र, मूल स्वतःही फोन करू शकतं.
मनोदर्पण, विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांसाठी: ८४४८४४०६३२. सकाळी ८ ते रात्री ८.
तातडीची मदत: ११२.

पुढच्या बैठकीत काय करायचं

नाशिक जिल्ह्यात २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांत "आत्मीयता" नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच साध्या माणसांना ऐकून घ्यायचं कसं आणि कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं कसं, हे शिकवलं. म्हणजे आपल्यासारख्यांना हे जमतं. सुरुवातीला एवढं करू:

एक, शिक्षणाच्या सूत्रापाशी आल्यावर "शाळेत जातात का" एवढंच न विचारता "जायला आवडतं का, आणि नसेल तर कधीपासून" हेही विचारायचं. उत्तर लिहून ठेवायचं नाही, ऐकायचं. आणि गटात ऐकलेलं गटाबाहेर जाणार नाही.

दोन, ग्रामसंघानं शाळेला पत्र देऊन हे नंबर दर्शनी भागात लावायला सांगायचं, आणि सखी सावित्री समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारायचं.

तीन, ज्यांचे आईवडील तोडीला जाणार आहेत त्या मुलांची यादी दिवाळीआधी वर्गशिक्षकांना द्यायची. हंगामी वसतिगृहाची सोय होते का, तेही तेव्हाच विचारायचं.

चार, मागं राहणाऱ्या प्रत्येक लेकरामागं गटातली एक जण. आठवड्यातून एकदा घरी चक्कर. फार काही करायचं नाही. जेवलीस का, शाळेत काय झालं, एवढं विचारायचं.

त्या पोरीचे आईवडील यंदाही जाणार आहेत, मुकादमाची उचल घेऊन झालीय. पण यंदा मॅडमचा नंबर आजीच्या फोनमध्ये आहे. आणि दर रविवारी तिच्याकडे चक्कर मारायचं काम दाराजवळ बसणाऱ्या मावशीनं स्वतःहून घेतलंय. का, असं विचारल्यावर म्हणाली, "सोमवारी पोट दुखणारं का, ते रविवारीच कळतं बाई."

तुमच्या गटात असं कुणाचं लेकरू असेल तर मला बैठकीत सांगा, किंवा बैठक संपल्यावर बाजूला घेऊन सांगा. यापुढं शिक्षणाच्या रकान्यात मी घाईनं टिक करणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक